वाफा कुणाचा, हे आधी ठरलं पाहिजे

सोलापुरात बागेचं नाव काढलं की पहिला प्रश्न पाण्याचा. वृद्धाश्रमाच्या बैठकीतही तोच आला. नळाला रोज पाणी येत नाही, बोअरचं पाणी खारट, मार्चनंतर टँकर सांगावा लागतो. अशात आजी-आजोबांसाठी भाजीचे वाफे काढायचे म्हणजे पाण्याची नासाडीच की, असं एका विश्वस्तांनी तोंडावर सांगितलं. त्यांचं म्हणणं रास्तच होतं. कृषी सहाय्यक म्हणून माझी सगळी नोकरी याच जिल्ह्यात गेली. मंगळवेढ्याची ज्वारी, सांगोल्याचं डाळिंब, पावसाकडं डोळे लावून बसलेली शिवारं, सगळं जवळून पाहिलं आहे. त्यामुळं पाण्याचा हिशोब करूनच मी बैठकीला गेलो होतो. स्वयंपाकघरात तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेलं पाणी रोज बादल्या-बादल्या गटारात जात होतं. भांड्यांचं साबणाचं पाणी त्यात मिसळू दिलं नाही, तर तेवढ्यावर दहा-बारा वाफे आरामात निघतात. नळाचं पाणी मागणार नाही, या अटीवर परवानगी मिळाली.

आश्रम शहराच्या पूर्वेला, अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला आहे. माझी आत्या शेवटची काही वर्षं तिथंच होती, म्हणून माणसं ओळखीची. या शहरासारखीच तिथली वस्ती. गिरणीत साचे म्हणजे माग चालवलेले, यंत्रमागावर चादरी विणलेले, आयुष्यभर विड्या वळलेल्या बायका, शेतकरी, एक निवृत्त मास्तर. कुणी मराठी बोलतं, कुणी तेलुगू, कुणी कन्नड, कुणी दखनी. या लोकांचे हात कधी रिकामे नव्हते. आता सकाळचा चहा, नाश्ता, जेवण, गोळ्या, सगळं हातात मिळतं आणि दिवस संपत नाही. आत्या म्हणायची, "सगळं वेळेवर मिळतंय रे, पण कोण काही मागत नाही." तिच्याकडं कुणी काही मागावं, एखादं काम सांगावं, असा त्याचा अर्थ होता.

खरं तर तिथं झाडं आधीही होती. शहरातल्या एका मंडळानं व्हरांड्यात ठेवायला शोभेच्या कुंड्या दिल्या होत्या. हार-तुरे, फोटो सगळं झालं होतं. रोजंदारीवरचा माळी येऊन पाणी घालायचा आणि कुणी त्या कुंड्यांकडं मान वळवून बघत नव्हतं. त्यातल्या दोन डायफेनबेकियाच्या निघाल्या. तिचं पान चावलं की तोंड आणि घसा सुजतो, बोलताही येत नाही. विसरभोळेपणाचा आजार असलेली माणसं हाताला येईल ते तोंडात घालतात. कुंपणाला गुलाबी कण्हेर होती, तिचं तर पान, फूल, चीक सगळंच हृदयाला घातक. बाग करण्याआधी या दोन्ही गोष्टी काढायला लावल्या. पूजेला फुलं कुठून आणायची म्हणून दोन आजी माझ्यावर रुसल्या. त्यांना जास्वंद आणि मोगरा लावून दिला.

हे काम शास्त्र म्हणून कसं करतात, ते मी आधी वाचून घेतलं होतं. अमेरिकेत १९७३ पासून बागकामातून उपचार करणाऱ्यांची संघटना आहे. मला सगळ्यात पटला तो १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघींनी कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग. एका मजल्यावरच्या लोकांना हवं तर एक रोप निवडायला सांगितलं आणि त्याची काळजी तुम्हीच घ्यायची असं बजावलं. खोलीतलं सामान कसं लावायचं, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा, हेही त्यांच्यावर सोपवलं. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण त्यांना पाणी नर्स घालतील असं सांगितलं. पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हिंडती-फिरती, बोलती झाली. दीड वर्षानं पाहिलं तर तिथल्या ४७ पैकी ७ जण वारले होते आणि दुसऱ्या मजल्यावरच्या ४४ पैकी १३. या आकडेमोडीत पुढं एक चूक सापडली आणि मृत्यूंमधला फरक सुरुवातीला वाटला तितका पक्का नाही, हे त्यांनीच छापलं. तरी माझ्यापुरता मुद्दा पक्का झाला. रोप दोन्हीकडं होतं, फरक ते कुणाचं यात होता. आपल्या व्हरांड्यातल्या कुंड्या दुसऱ्या मजल्यावरच्या होत्या.

त्यामुळं आमचा पहिला नियम असा की प्रत्येक वाफ्याला मालक हवा. काय लावायचं ते मालक ठरवणार. चुकीच्या हंगामात चुकीचं काही लावायचं म्हणाला तरी मी एकदाच सांगणार, मग गप्प बसणार.

जमिनीवर वाफे करण्यात अर्थ नव्हता. खाली बसता येणारं तिथं कुणी नाही. निळे दोनशे लिटरचे प्लास्टिकचे ड्रम उभे कापून त्यांचे आडवे अर्धे भाग लोखंडी स्टँडवर बसवले. वरची कड कमरेच्या जरा खाली, अडीच फुटांवर. रुंदी पावणेदोन-दोन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो. स्टँड मजबूतच लागतो, कारण भिजलेल्या मातीनं भरलेला अर्धा ड्रम सव्वाशे किलोच्या वर जातो आणि म्हातारी माणसं उठताना त्यालाच धरतात. चाकाच्या खुर्चीवरच्यांचे गुडघे ड्रमखाली जात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी टेबलावर सहा इंच खोल ट्रे केले. मेथी-कोथिंबिरीला तेवढी माती पुरते. आपली काळी माती नुसती भरली तर उन्हात तडकते आणि पाण्यात चिखल होऊन बसते. त्यामुळं एक भाग माती, एक भाग जुनं शेणखत आणि एक भाग साखर कारखान्याच्या मळीचं कुजलेलं खत मिसळलं. जिल्ह्यात कारखाने ढीगभर आहेत, मळीला तोटा नाही.

खुरप्याच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड केली. संधिवाताच्या बोटांना बारीक मूठ धरवत नाही. भरलेली झारी दहा किलोची होते, ती बाद. त्याऐवजी अर्ध्या लिटरच्या बाटल्यांच्या बुचांना भोकं पाडली. आश्रमाच्या डॉक्टरांनी प्रत्येकाला तपासून यादी दिली. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांना. साखर असणाऱ्यांना हातमोजे, कारण बोटाला बारीक चीर पडली तरी त्यांना कळत नाही आणि ती चिघळते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वाकून एकदम उठायचं नाही, घेरी येते. काम सकाळी सात ते साडेआठ, डोक्यावर टोपी किंवा पदर, आणि पाण्याचा तांब्या शेजारी.

मृगाचा पाऊस पडला तशी सुरुवात केली. पहिल्या दिवशी आले ते थोडेच. मास्तर आले, विड्या वळणाऱ्या एक आजी आल्या, आणि गिरणीतले काका. त्यांना फिजिओथेरपीच्या ताईंनी ढकलतच आणलं.

या आजींचं काम मला लिहून ठेवावंसं वाटतं. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून विड्या वळल्या. हजार विड्या झाल्या की मजुरी, असं सगळं आयुष्य. बोटांची पेरं आता सुजलेली, मुठीत चमचा नीट राहत नाही. मिरची-वांग्याच्या रोपांसाठी वर्तमानपत्राच्या कागदी पिशव्या करायच्या होत्या. मी स्टीलच्या पेल्याभोवती कागद गुंडाळून कसं करायचं ते दाखवत होतो. आजींनी जरा वेळ पाहिलं आणि पेला बाजूला सरकवला. कागदाची पट्टी डाव्या तळव्यावर घेतली, उजव्या अंगठ्यानं कड आत दाबली आणि दोन्ही हातांच्या बोटांमध्ये ती फिरवत नेली. नळकांडं झालं. तळाची कड नखानं चार ठिकाणी आत मुडपली, दोऱ्याचा एक वेढा दिला, टोक त्याच वेढ्याखाली सरकवलं. गाठ मारलीच नाही. मी एक करेपर्यंत त्यांच्या तीन झाल्या होत्या. "मास्तर, तुमची सैल पडायलीय, माती गळेल," असं त्या शेजारी बसलेल्या मास्तरांना म्हणाल्या आणि मास्तरांच्या हातातलं नळकांडं सोडवून पुन्हा वळून दिलं. त्या आश्रमात आल्यापासून त्यांनी कुणाला काही शिकवलं होतं असं मला तरी माहीत नाही. पुढं कागदी पिशव्यांचं खातं त्यांच्याकडंच राहिलं. बोटांची सूज गेली नाही, जाणारही नव्हती. पण चमचा धरायला लागल्या, हे ताईंनी वहीत लिहून ठेवलं आहे.

ही वही महत्त्वाची. बाग हिरवी दिसणं हे आमचं उद्दिष्ट नव्हतं, प्रत्येक माणसाचं वेगळं लिहिलेलं होतं. कुणी पाच मिनिटं आधाराशिवाय उभं राहावं, कुणी बी पेरणं, माती लोटणं, पाणी घालणं ही तीन कामं ओळीनं लक्षात ठेवावीत, कुणी नुसतं खोलीबाहेर यावं. गिरणीतल्या काकांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, उजवा हात लुळा. ताईंनी दाबायला दिलेला रबरी चेंडू ते उशीखाली टाकून द्यायचे. दोडक्याच्या वेलाला सुतळीची जाळी करायची तेव्हा मी त्यांच्यासमोर सुतळीचा गुंडा ठेवला. साचाखात्यात आयुष्य गेलेला माणूस. तुटलेला धागा चालत्या साच्यावर जोडायची विणकरी गाठ असते, बारीक आणि घट्ट, ती डाव्या हातानं आणि दातानं मारू लागले. ताईंनी सांगितलं, दात नको, उजवा हात नुसता दाबून धरायला तरी लावा. शिव्या घालत लावला. दिवाळीपर्यंत उजव्या अंगठ्यात सुतळी पकडून धरण्याइतकं बळ आलं. चेंडू अजून उशीखालीच आहे.

आता अडचणीचं. सगळ्यात जास्त विरोध कुणाचा झाला असेल तर मायेचा. आश्रमातल्या मावशी मनानं फार चांगल्या, पण त्यांच्या लेखी सेवा म्हणजे म्हाताऱ्या माणसाला बोटही उचलू न देणं. मी वळलो की बाटली हातातून घ्यायच्या, "द्या आजी, मी घालते." पाच मिनिटांत सगळे ड्रम भिजवून मोकळ्या. त्यांची घाई मला कळते, एकेका मावशीवर किती जणांचं अंघोळ-जेवण असतं ते पाहिलं आहे. मी त्यांच्याशी भांडलो नाही. प्रत्येक मावशीला तिचा स्वतःचा एक ड्रम दिला आणि तिच्या ड्रमला दुसऱ्या कुणीही हात लावायचा नाही असं जाहीर केलं. एके दिवशी मास्तरांनी मुद्दाम एका मावशीच्या टोमॅटोला पाणी घातलं. तिनं लांबूनच हाक दिली, "मास्तर, माझ्या झाडाला कशाला घालायलाव?" त्यानंतर समजावण्याची फारशी गरज पडली नाही.

नातेवाइकांचं वेगळं. एका आजींचा मुलगा पुण्याहून आला आणि आईचे मातीनं भरलेले हात बघून कार्यालयात जाऊन बसला. महिन्याला पैसे भरतो ते आईला खुरपायला लावण्यासाठी का, हा त्याचा सवाल. त्याचं दुखणं खोटं नव्हतं. आईनं रोजंदारीवर खुरपून त्याला शिकवलं होतं, त्या खुरप्यातून तिला सोडवल्याचं त्याला समाधान होतं. व्यवस्थापक काही बोलायच्या आत आजी म्हणाल्या, "तवा दुसऱ्याच्या रानात खुरपत होते रे. ह्यो डब्बा माझा हाय." तो संध्याकाळपर्यंत थांबला. पटलं की नाही ते सांगता येणार नाही, पण तक्रार लेखी दिली नाही.

बागेनं सगळ्यांनाच बरं वाटतं, असं मात्र कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. सांगोल्याकडचे एक शेतकरी काका आहेत. त्यांची डाळिंबाची बाग तेल्या रोगानं गेली, कर्जात जमीन गेली. ड्रम दिसला तरी ते तोंड फिरवतात. जमीन गमावलेल्या माणसासमोर अर्ध्या ड्रममधली माती म्हणजे जखमेवर मीठ. त्यांना एकदा विचारलं, पुन्हा विचारलं नाही. ते व्हरांड्याच्या पलीकडं पत्ते खेळतात, तिथं आम्ही कुंडीसुद्धा ठेवलेली नाही. त्यांच्या 'नको'लाही मालकीच समजायला हवं, असं माझं मत आहे.

पावसाळ्यात अंबाडी जोरात आली. पूर्व भागातल्या एक तेलुगू आजी आहेत, आठवण गेलेली. मराठी पूर्वी बोलत, आता फक्त तेलुगू उरली आहे. दिवस कलला की घरी जायचं म्हणून गेटकडं निघतात, अडवलं की रडतात. अंबाडीजवळ नेल्यावर त्यांनी पान तोडून चावलं, आंबट लागलं तशी मान हलवली आणि खुडायला सुरुवात केली. कोवळा शेंडा तसाच ठेवून खालची पानं, देठासकट, एका लयीत. कुणी शिकवायची गरज नव्हती. हातानं शिकलेलं काम डोक्यातलं पुसलं गेल्यावरही पुष्कळ काळ टिकतं. मग साडेपाच वाजता, त्यांची बेचैनी सुरू व्हायच्या आधी, त्यांच्यापुढं परडी ठेवायची असं ठरलं. काही दिवस त्या तरीही गेटकडं जातातच. पण ज्या दिवशी खुडतात त्या दिवशी परडी भरेपर्यंत बसतात. स्वयंपाकघरात त्या अंबाडीची लसूण आणि लाल मिरची घालून पचडी झाली, तेव्हा इतर तेलुगू मंडळींनी दोन-दोनदा मागून घेतली.

अंथरुणाला खिळलेले एक आजोबा आहेत. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली एक निरीक्षण छापलं होतं. खिडकीतून झाडं दिसणाऱ्या रुग्णांना, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा, शस्त्रक्रियेनंतर तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते लवकर घरी गेले. आम्ही आजोबांचा पलंग फिरवून तोंड खिडकीकडं केलं, बाहेर दोडक्याचा मांडव. दिवाळीनंतर त्यांच्या पोटावर ठेवता येईल अशा पसरट ताटलीत मेथी पेरली. चौथ्या दिवशी कोंब दिसले. आजोबा मोठ्यानं मोजत होते, नर्स रक्तदाब बघायला आली तर तिला हातानं थांबवलं.

भोगीला आमची भाजी आमच्या वांग्यांची, घेवड्याची आणि कोथिंबिरीची झाली. गाजर, हरभरा, बोरं बाजारातून आणली. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला जाणं आता कुणाला झेपत नाही, त्या दिवशी नंदीध्वजांच्या आठवणी निघाल्या त्या ड्रमांभोवती खुर्च्या टाकून. संक्रांतीनंतर हळदी-कुंकवाची सुगडं उरली होती. मास्तरांच्या शेजारच्या आजींनी ती फेकू दिली नाहीत. सुगडं ड्रममध्ये गळ्यापर्यंत पुरून पाण्यानं भरायची, वर पणतीचं झाकण. भाजलेल्या पण झिलई नसलेल्या मातीच्या भांड्यातून पाणी मुळांपाशी हळूहळू झिरपतं, उन्हात उडून जात नाही. मोठ्या मडक्यांचं हे तंत्र मी शेतकऱ्यांना सांगत फिरलो आहे. सोलापुरात तर १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चालतं. पण सुगडांची युक्ती मला त्या आजींनी दिली. वरून उसाच्या पाचटाचं आच्छादन आणि डोक्यावर हिरवी शेडनेट, एवढ्यावर एप्रिल काढला. पारा चाळिशीच्या पुढं गेला तसं काम सकाळी साडेसहाला आणलं, आणि मे महिन्यात बऱ्याच ड्रमांना नुसतं झाकून विश्रांती दिली.

मधल्या काळात एक काका गेले. त्यांच्या ड्रममध्ये टोमॅटो लाल होत आले होते. व्यवस्थापकांनी विचारलं, ड्रम दुसऱ्या कुणाला द्यायचा का. मंडळींनीच ठरवलं की पीक संपेपर्यंत तो त्यांचाच. पाणी पाळीपाळीनं घातलं, टोमॅटो त्यांची मुलगी येऊन घेऊन गेली. तेव्हापासून तोच रिवाज आहे.

उन्हाळी भुईमूग जानेवारीच्या शेवटी लावला होता, तो मेमध्ये उपटला. वेल ओढताना मातीतून शेंगांचे घोस वर येतात. ते बघायला एरवी खोलीतून न हलणारी माणसंही आली. अर्ध्या शेंगा उखळात कुटून चटणी झाली, सोलापुरात दुसरं काय होणार. उरलेल्यांवरून वाद पेटला. गिरणीतले काका म्हणाले आणखी चटणी करा, विडीवाल्या आजी म्हणाल्या बियाणं ठेवा. आजी जिंकल्या. बियाण्याच्या शेंगा आता त्यांनी वळलेल्या कागदी नळकांड्यांत त्यांच्या पेटीत आहेत.

मृगाआधी आणखी ड्रम कापून घ्यायचे आहेत. आश्रमात नवे आलेले चौघं-पाचजण मागे लागलेत. विडीवाल्या आजींचं म्हणणं, ज्याला ड्रम हवा त्यानं आधी पन्नास कागदी पिशव्या वळून दाखवायच्या. मास्तरांना हे मान्य नाही. ते म्हणतात हाताला त्रास असणाऱ्यांवर अन्याय होईल, त्यांना दुसरं काम सांगा. रविवारी चहाच्या वेळी बैठक आहे. मला त्यात मत नाही, मी फक्त ड्रम कापून आणणार आहे.